हाडातले मणी

ऑर्थोच्या कोडिंगला नवी मुलं आली की मी ११९८१ या कोडपासून सुरुवात करते. अमेरिकेत डॉक्टर पेशंटसाठी जे काही करतो त्याला पाच आकडी सीपीटी कोड असतो. ही यादी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची. पहिली १९६६ साली आली आणि आता दर १ जानेवारीला नवी लागू होते. ११९८१ हा तिच्यात त्वचेच्या विभागात बसतो: औषध सोडणारं इम्प्लांट शरीरात घालणं. दंडाच्या कातडीखाली गर्भनिरोधक कांडी सरकवली तर हाच कोड. आणि २०१९ संपेपर्यंत, मांडीचं सडलेलं हाड खरवडून त्या पोकळीत अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचे मणी भरले, तरी त्या मण्यांसाठी हाताशी असलेला कोड हाच.

मुलांना त्यात वावगं काही दिसत नाही. "दोन्हीकडे औषधच आत ठेवलंय ना, मॅम?" मग मी त्यांना मणी कसे करतात ते सांगते, कारण ते मी बघितलेलं आहे.

पुण्यात येण्याआधी मी मिरजेला एका हॉस्पिटलच्या ऑर्थो ओटीत सिस्टर होते. उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागायची आणि आमच्याकडे नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेले पेशंट. जखमेत माती, खडी, पँटचं कापड. बऱ्याच जणांचं हाड वेळेत जुळायचं. काहींच्या हाडात मात्र जंतू मुक्काम करायचे आणि तो माणूस पू गळणारा पाय घेऊन वर्षानुवर्षं येत राहायचा. कामावर जाता येत नाही, पाय कापायला मन होत नाही, आणि दर खेपेला गाठोड्यातली एक्सरेची पाकिटं वाढलेली.

अशा हाडाला शिरेतून दिलेलं औषध पुरत नाही. औषध रक्तातून जाणार, आणि मेलेल्या हाडात रक्तच पोचत नाही. शिवाय धातूच्या पट्टीवर, रॉडवर जंतू एक चिकट थर धरतात. त्या थराच्या आत औषधाचा जोर चालत नाही. डोस वाढवत न्यावा तर किडनी धोक्यात येते, काही औषधांनी कानही जातात. म्हणून औषध थेट त्या जागी नेऊन ठेवायचं. हॅम्बुर्गच्या बुखहोल्झ यांनी सांधा बसवायच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन घातलं, आणि १९७० मध्ये त्यावरचं काम प्रसिद्ध झालं. सिमेंट घट्ट झालं तरी औषध त्यातून हळूहळू पाझरत राहतं, पहिल्या काही दिवसांत जास्त आणि मग कमी कमी. फ्रँकफर्टच्या क्लेम यांनी पुढे त्याच सिमेंटचे मणी केले, कारण एका मोठ्या गोळ्यापेक्षा लहान लहान मण्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त आणि औषध पृष्ठभागातूनच सुटतं. जर्मनीत सेप्टोपाल नावानं तारेत ओवलेल्या अशा मण्यांची तयार माळ निघाली: सात मिलिमीटरचे मणी, एका माळेत तीस. त्या जागी औषध रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट दाट, आणि बाकी शरीराला त्याची झळ नाही.

मिरजेत ती तयार माळ मी कधी पाहिली नाही. आमचे सर मणी टेबलावरच करायचे. चाळीस ग्रॅमच्या सिमेंटच्या पाकिटात व्हँकोमायसिनची पूड घालून ती नीट एकजीव करायची, मग अँप्युलमधलं द्रव ओतायचं. त्याचा वास मास्कमधून नाकात आणि डोळ्यांत जायचा. सुरुवातीला मिश्रण बोटांना चिकटतं, थोडं थांबावं लागतं. आणि एकदा का ते ग्लोव्हजना चिकटेनासं झालं, की हाताशी जेमतेम काही मिनिटं. तिळाच्या लाडवांचा पाक झाला की घरातले सगळे परातीभोवती बसतात आणि कुणी बोलत नाही, तशी आमची ओटी त्या मिनिटांत व्हायची. सर वळायचे, रजिस्ट्रार वळायचा, मी तार पुढे करायची. सिमेंट घट्ट होताना चांगलं तापतं, म्हणून त्यात कुठलंही औषध चालत नाही; उष्णता सोसणारंच हवं. जेंटामायसिन, टोब्रामायसिन, व्हँकोमायसिन हीच नावं पुन्हा पुन्हा येतात ती त्यामुळे.

माळ आत जाण्याआधी सर म्हणायचे, "सिस्टर, मोजा." मी मोजून आकडा सांगायची, तो फळ्यावर लिहिला जायचा आणि सर तो ऑपरेशनच्या नोंदीत उतरवायचे. हे मणी विरघळत नाहीत. काही आठवड्यांनी ते काढायचे असतात, आणि काढणारा हात दुसऱ्याचा असू शकतो. रजिस्ट्रारची तोवर बदली झालेली असते, पेशंट सांगलीला दुसऱ्याच डॉक्टरकडे गेलेला असतो. किती आत गेले हे लिहिलं नसेल तर सगळे बाहेर आले हे कोण सांगणार?

बिलात यातलं काय यायचं? सिमेंटचं पाकीट आणि व्हँकोच्या बाटल्या, त्याही नातेवाइकांनी चिठ्ठी घेऊन मेडिकलमधून आणलेल्या. वळण्याचं वेगळं मोल कुणी लावलं नाही. ते ऑपरेशनच्या रकमेतच आलं.

पुण्यात मी जे काम करते त्यात ऑपरेशन दिसत नाही, त्याची नोंद दिसते. अमेरिकेतल्या हॉस्पिटलचे चार्ट आमच्या स्क्रीनवर उघडतात. आम्ही सर्जनची ऑप नोट वाचतो, आजाराला आयसीडीचा आणि केलेल्या कामाला सीपीटीचा कोड लावतो आणि त्यावर क्लेम जातो. फ्लोअरवर मोबाइल नाही, कागद-पेन नाही. पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये हा अमेरिकेतला १९९६ चा कायदा आहे आणि तो आम्हालाही लागू. शिफ्ट दिवसाची. रात्री जागतात ती एआरची मुलं, इन्शुरन्स कंपन्यांना फोन लावून अडकलेले पैसे सोडवणारी. आमच्याकडे नर्सिंगचे, फिजिओथेरपीचे, फार्मसीचे, बीएचएमएस झालेले असे सगळे आहेत. गावाकडे लोकांना वाटतं आम्ही डेटा एंट्री करतो.

१ जानेवारी २०२० पासून मण्यांना त्यांचे स्वतःचे कोड मिळाले, २०७०० ते २०७०५. तीन घालण्याचे, तीन काढण्याचे. २०७०० स्नायूंच्या आवरणाखाली खोल, २०७०२ हाडाच्या नळीत, २०७०४ सांध्यात. काढण्याचे त्यांच्या पुढचे विषम आकडे. सगळे ॲड-ऑन, म्हणजे एकटे जात नाहीत. हाड खरवडणं, आतला धातू काढणं अशा मुख्य कामाला जोडूनच जातात. आणि घालण्याच्या तिन्ही कोडांच्या व्याख्येत एक अट आहे: औषध आणि सिमेंट सर्जननं ऑपरेशनच्या वेळी स्वतः मिसळलेलं आणि स्वतः आकार दिलेलं हवं. कारखान्यातून तयार आलेलं पाकीट फोडून आत ठेवलं, तर हे कोड लागत नाहीत.

त्या जानेवारीत पुस्तकाचं ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. जी मिनिटं मिरजेत कुठल्याच कागदावर आली नव्हती, त्यांना इथे सहा आकडे मिळाले होते. मला त्याचा खरोखर आनंद झाला. तयार माळ अमेरिकेतही सहजी मिळत नसे, तिथल्या सर्जनांनाही हातानंच वळावं लागे. त्या कामाला दंडातल्या कांडीच्या रांगेत उभं करणं बरोबर नव्हतं, आणि ते कुणीतरी पटवून देऊन बदलून घेतलं होतं.

पण कोड आले की त्यांचे काठ सांभाळावे लागतात. सांधा बदलताना तो पक्का बसवायला अँटिबायोटिकचं सिमेंट वापरलं, तर त्याला वेगळा कोड नाही. तिथे सिमेंटचं काम धरून ठेवण्याचं आहे, औषध त्यात सोबतीला. टाके घालण्याआधी जखमेत व्हँकोमायसिनची पूड भुरभुरली, त्यालाही नाही. आणि मणी चार असोत की चाळीस, एका जागेसाठी कोड एकदाच. हे शेवटचं मला पचायला वेळ लागला. ज्या आकड्यासाठी सर माळ खाली ठेवू देत नसत, तो आकडा कोडच्या लेखी नाहीच.

सर्वांत जास्त गोंधळ गुडघ्याच्या स्पेसरचा. बदललेल्या गुडघ्यात जंतू शिरले की बरेचदा दोन टप्प्यांत ऑपरेशन करतात. आधी कृत्रिम सांधा काढून त्या जागी अँटिबायोटिक सिमेंटचा स्पेसर ठेवायचा, काही आठवडे औषधं द्यायची, जंतू गेले असं दिसलं की स्पेसर काढून नवा सांधा. पहिल्या टप्प्याचा कोड २७४८८. त्याच्या व्याख्येतच लिहिलंय की स्पेसर ठेवला असो वा नसो. म्हणजे सर्जननं तो स्पेसर ओटीत स्वतः साच्यात ओतून घडवला असला, तरी २०७०४ सोबत लावता येत नाही. खुब्याला २७०९१, तिथेही तेच. नवी मुलं नोटमध्ये 'स्पेसर' पाहतात, 'हातानं तयार केला' पाहतात आणि आनंदानं दोन्ही लावतात. पंधरा-वीस दिवसांनी एआरकडून सीओ-९७ घेऊन क्लेम परत येतो: हे काम आधीच्याच पैशात धरलेलं आहे. मी त्यांना रागावत नाही. काम झालंय, मेहनत झालीय आणि तरी वेगळं मागायचं नाही, हे समजायला कोडची व्याख्या शेवटच्या शब्दापर्यंत वाचावी लागते. दुसरा टप्पा नव्वद दिवसांच्या आत आला तर त्याला ५८ मॉडिफायर, म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं. तो विसरला तर पैसे देणारा म्हणतो, पहिल्या ऑपरेशनच्या नंतरची देखभाल त्यातच आली.

हे सगळं ज्या नोटवर उभं आहे तिच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

२०२० नंतर नोटांची भाषा बदलली. आधी सर्जन आपापल्या तऱ्हेनं लिहायचे. कुणी दोन ओळींत आटपायचा, कुणी औषध किती ग्रॅम, मणी किती, तार कोणती, कुठल्या बाजूला शेवट ठेवला इथपर्यंत. मग हळूहळू एक परिच्छेद दिसायला लागला. वेगवेगळ्या पेशंटच्या नोटांत तोच, शब्द न शब्द सारखा. त्यात कोडच्या व्याख्येतले सगळे शब्द अगदी क्रमानं: हातानं मिसळलं, आकार दिला, खोल ठेवलं. औषधाचं नाव कधी असतं, कधी 'योग्य अँटिबायोटिक'. किती मणी, ते नाही. टेम्प्लेट. सर्जनला दिवसाला पाच-सहा केसेस असतात, संगणकासमोर बसायला वेळ नसतो, आणि क्लेम अडकला की त्याच्याच मागे लागतात, हे मला मान्य आहे. त्या परिच्छेदावर मी कोड लावते, कारण व्याख्येला हवं ते सगळं त्यात आहे. तरी तो वाचताना मला काळजी वाटते. ती नोट पैसे देणाऱ्याला समोर ठेवून लिहिलीय. तिचा पहिला वाचक तो नाही. आठ आठवड्यांनी तोच पाय पुन्हा उघडणारा सर्जन तिचा पहिला वाचक आहे, आणि त्याला त्या परिच्छेदातून काही मिळत नाही.

उलट बाजूनंही असंच होतं. एका नोटमध्ये उजव्या नडगीतला जंतू लागलेला रॉड काढल्याचं नीट लिहिलेलं होतं. आजाराचा कोड टी८४.६२२ए, रॉड काढण्याचा २०६८०, दोन्ही स्पष्ट. पुढे एकच वाक्य: अँटिबायोटिक नेल ठेवला. एवढंच. कुणी केला, कशाचा केला, काही नाही. हाडाच्या नळीत औषधाचा रॉड म्हणजे २०७०२ लागू शकतो, पण तो तयार आलेला असेल तर लागत नाही. टीममधल्या मुलीनं सरळ २०६८० लावून चार्ट पुढे ढकलायला घेतला होता. नियमाप्रमाणे तिचं बरोबर होतं. लिहिलेलं नाही ते झालेलं नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य आहे.

मी चार्टमधली सामानाची यादी उघडली. सिमेंटचं एक पाकीट. फार्मसीतून व्हँकोमायसिन आणि टोब्रामायसिनच्या बाटल्या. टोकाला गोळी असलेली गाइड वायर. आणि एक चेस्ट ट्यूब.

पायाच्या ऑपरेशनला चेस्ट ट्यूब! मुलगी म्हणाली, "दुसऱ्या पेशंटचं सामान चुकून चढलं असेल, मॅम." पण ओटीत राहिलेल्या माणसाला ती ट्यूब ओळखू येते. औषधाचं सिमेंट पातळ असताना त्या नळीत भरतात, मधून तार घालतात, घट्ट झालं की नळी चिरून सोलून काढतात, आणि हातात सरळ, गुळगुळीत, हाडाच्या नळीत बसेल असा औषधाचा रॉड येतो. नळीच्या जाडीवर रॉडची जाडी ठरते. सर्जननं तो टेबलावरच घडवला होता. मला तसूभर शंका नव्हती.

तरीही मी कोड लावला नाही. सामानाची यादी म्हणजे ऑप नोट नव्हे. यादीवरून मी काय ओळखलं याला क्लेममध्ये किंमत नाही, आणि नसावीच. उद्या हीच मोकळीक घेऊन कुणी न झालेलं काम 'ओळखेल', आणि त्याचं बिल एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी टपालानं जाईल. अशा वेळी डॉक्टरला क्वेरी पाठवायची असते. त्यातही एक बंधन आहे: क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही. 'रॉड तुम्ही स्वतः ओटीत तयार केला ना?' असं विचारता येत नाही, कारण घाईतला माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. मी इतकंच लिहिलं: नोंदीत अँटिबायोटिक नेलचा उल्लेख आहे, तो कुठून आला, त्यात काय होतं आणि तो ठेवण्याआधी काही तयारी केली असल्यास ती कशी, हे कृपया नमूद करावं.

चार्ट होल्डवर गेला. टीम लीडनं दोनदा विचारलं, एका ॲड-ऑनसाठी किती दिवस थांबायचं. त्यांच्यावर वरून टर्नअराउंडचा दबाव असतो, त्यांचंही चूक नव्हतं. मी म्हटलं, सर, उत्तर 'तयार आणला' असं आलं तर मी त्याच मिनिटाला २०६८० वर सोडते. पण विचारल्याशिवाय नाही. काम कमी दाखवणं सुरक्षित असतं, म्हणून आमच्यात ते खपून जातं. ऑडिटमध्ये जास्त लावलेला कोड पकडला की सगळे हादरतात. न लावलेल्या कोडबद्दल गुण थोडे कापले जातात आणि विषय संपतो. मला हे कधी पटलेलं नाही. ज्यानं पातळ सिमेंट नळीत भरून रॉड घडवला, त्याच्या कामाची नोंद माझ्या आळसामुळे राहिली तर तीही खोटीच नोंद.

उत्तर आलं. सर्जननं नोटला पुरवणी जोडली होती, टेम्प्लेटमधली नाही, स्वतःच्या शब्दांत. कुठल्या मापाची चेस्ट ट्यूब साचा म्हणून घेतली, एका पाकिटाला कुठलं औषध किती ग्रॅम घातलं, नळी कशी सोलली, रॉड हाडाच्या नळीत पूर्ण बसतो हे कसं तपासलं. शेवटी आणखी एक ओळ होती: आतल्या तारेचं वरचं टोक वाकवून कडी केली आहे आणि ती गुडघ्याखाली हाडाच्या तोंडाशी, पुढच्या बाजूला ठेवली आहे; रॉड काढताना तिथेच हूक घालावा.

२०७०२ ला या शेवटच्या ओळीची गरज नव्हती. कुठल्याच कोडला नाही. मुलीनं मला विचारलं, ही ओळ क्वेरीच्या उत्तरात का लिहिली असेल, आपण तर तसं काही विचारलं नव्हतं. मी तिला सरांच्या फळ्यावरच्या आकड्याबद्दल सांगितलं. सर्जन नोट पुन्हा उघडून बसलाच होता, तेव्हा पुढच्या डॉक्टरला जे लागणार ते त्यानं लिहून टाकलं.

त्या दुपारी क्लेमवर २०६८० आणि २०७०२ दोन्ही गेले. पैसे देणाऱ्यानं कागद मागितले, तेव्हा नोट पुरवणीसकट पाठवली आणि क्लेम सुटला. मुलगी आता स्वतः क्वेरी लिहिते. मी त्या पाठवण्याआधी बघते, त्यात उत्तर दडलेलं नाही ना एवढंच.